पेट्रोलमध्ये ओतायची ती छोटी बाटली: कधी घ्यायची, कधी नाही आणि घेतली तर कशी वापरायची

सर्व्हिसिंगला गाडी दिली की दुपारी फोन येतोच, "सर, फ्युएल सिस्टीम क्लीनर टाकून देऊ का, मायलेज वाढेल, इंजिन स्मूथ होईल." आपण ऑफिसात असतो, हो म्हणून टाकतो आणि बिलात सहा-सातशे रुपये वाढतात. मी हे लागोपाठ तीन सर्व्हिसिंगला केलं. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, घर कोथरूडला, ऑफिस बाणेरला, म्हणजे रोजचा रस्ता सेनापती बापट रोड आणि युनिव्हर्सिटी चौक, तिथे सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरायचं आणि मायलेज १५ वरून १२ वर आलेलं. तीन बाटल्या संपल्या तरी थरथर होती तशीच.

शेवटी घराजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि इनटेकच्या (इंजिनात हवा जाते त्या वाटेच्या) मागे हात घालून एक बोटाएवढा रबरी पाईप दाबला, तर थरथर एकदम बंद. हात सोडला की परत चालू. मला म्हणाला, "दादा, कान लावा इथं." कान लावला तर बारीक सुस्स आवाज येत होता. पाईप काढून दाखवला, वरून काळाभोर धड दिसत होता, पण वाकवला की खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडत होती आणि कडा बिस्किटासारख्या चुरचुरीत झाल्या होत्या. १८० रुपयांचा पाईप. गाडी तिथून हवा ओढत होती आणि मी टाकीत क्लीनर ओतत बसलो होतो.

तेव्हापासून या विषयात खोलात शिरलो, घरातल्या आणि मित्रांच्या पाच-सहा गाड्यांवर प्रयोग करून झाले. क्लीनर ही थाप नाहीये, त्यातलं चांगलं केमिकल खरंच काम करतं, पण ते एकाच आजारावरचं औषध आहे आणि आपण ते प्रत्येक आजाराला देतो. नवीन गाडी घेतलेल्यांनी किंवा जुनी सेकंडहॅंड घेतलेल्यांनी खालच्या क्रमाने जावं, पैसे वाचतील.

१. आधी समजून घ्या, घाण जमते कुठे

गाडी चालू असताना इंजेक्टरमधून, म्हणजे पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या नोझलमधून, पेट्रोल सतत वाहतं, त्यामुळे तो थंड राहतो आणि धुतलाही जातो. खरी घाण गाडी बंद केल्यावर जमते. इंजिन तापलेलं असतं, पेट्रोलचा प्रवाह थांबतो, इंजेक्टरच्या टोकाला जो थेंब उरतो त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग तिथेच चिकट वार्निशसारखा बसतो. दूध उकळून भांड्याच्या कडेला साय वाळते ना, तसंच. म्हणून जी गाडी दिवसातून सहा वेळा दोन-दोन किलोमीटर जाते (भाजी, शाळा, क्लास, मंडई) तिला हा त्रास रोज मुंबईला जाऊन येणाऱ्या गाडीपेक्षा जास्त होतो. पुण्यातल्या बहुतेक घरातली दुसरी गाडी अशीच वापरली जाते.

दुसरी जागा म्हणजे इनटेक व्हॉल्व्हची मागची बाजू, तिसरी कंबशन चेंबर (पेट्रोल जळतं ती जागा) आणि पिस्टनचं डोकं.

पेट्रोलमध्ये डिटर्जंट (घाण धरू न देणारं केमिकल) असला तर फरक पडतो हे नक्की. अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून सगळ्या पेट्रोलमध्ये किमान डिटर्जंट घालणं सक्तीचं आहे, आणि ते किमान प्रमाण कमी पडतंय असं वाटल्यामुळे बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये 'टॉप टियर' नावाचं जास्त कडक स्टँडर्ड आणलं. २०१६ मध्ये तिथल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने तुलना केली, तेव्हा टॉप टियर नसलेल्या पेट्रोलवर इंजिनात सरासरी १९ पट जास्त घाण जमलेली सापडली, तेही साधारण ६,४०० किलोमीटर इतक्या चालवण्यात. म्हणजे विषय खरा आहे, बाटलीवाल्यांनी हवेतून काढलेला नाही.

२. तुमची गाडी कुठल्या प्रकारात बसते ते बघा

ही पायरी सगळेच गाळतात आणि इथेच निम्मा निकाल लागतो.

साधी एमपीएफआय पेट्रोल: रस्त्यावरच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान या. इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या आधी बसतो, पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून आत जातं, म्हणून टाकीत टाकलेलं क्लीनर इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह दोन्हीपर्यंत पोचतं. क्लीनरचा सर्वात जास्त उपयोग या गाड्यांना.

डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल: इंजिनाच्या नावात टीएसआय, जीडीआय असं काही असेल तर ही. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सुटतं, इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही. त्यामुळे टाकीतली कुठलीही बाटली, कितीही महाग असो, व्हॉल्व्हवरचा कार्बन काढू शकत नाही. इंजेक्टरच्या टोकाला फायदा होतो तेवढाच. व्हॉल्व्ह खरंच चोक झाले असतील तर इनटेक मॅनिफोल्ड उघडून अक्रोडाच्या टरफलाचा भुसा हवेच्या दाबाने मारून साफ करतात, तो वेगळा जॉब आणि वेगळा खर्च.

सीएनजी: पुण्यात या गाड्या भरपूर, आणि यांचा प्रश्न निराळा. गाडी दिवसभर गॅसवर पळते, पेट्रोल फक्त स्टार्टिंगला, टाकीत दोन काटे पेट्रोल महिनोन्महिने पडून. पेट्रोल शिळं होतं, इंजेक्टर वापरात नसल्यामुळे टोकाला गोंद धरतो. यांनी बाटलीआधी सवय बदलावी, रोज चार-पाच किलोमीटर तरी पेट्रोलवर चालवा आणि टाकीतलं पेट्रोल संपवून ताजं भरत राहा.

डिझेल: त्याचं शेवटी लिहितो, नियम वेगळे आहेत.

३. जवळ काय काय पाहिजे

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. अ‍ॅडिटिव्हबद्दल कंपनी काय म्हणते ते त्यात इंधनाच्या पानावर असतं. काही कंपन्या स्पष्ट नको म्हणतात, काही ठरावीक किलोमीटरला एक बाटली चालेल म्हणतात. वॉरंटी चालू असेल तर याच्या बाहेर जाऊ नका.
- मागच्या दोन-तीन सर्व्हिसिंगची बिलं. त्यात "फ्युएल अ‍ॅडिटिव्ह", "इंजिन ट्रीटमेंट", "डीकार्ब" अशा नावाने काय लावलंय ते शोधा, कदाचित तुम्ही आधीच तीनदा पैसे भरलेत.
- पेट्रोलची बिलं आणि एक वही. मोबाईलमधली नोटही चालते.
- ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र. ऑनलाइन साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं त्यात लावायचा, मोबाईलवर अ‍ॅप. माझ्या मते ही एक वस्तू दहा बाटल्यांपेक्षा कामाची.
- मापाचा छोटा ग्लास, हातमोजे, फडकं.

४. बाटली घ्यायच्या आधी मोजा

मायलेज डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मोजू नका. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलला, पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी फुल करा आणि ट्रिप मीटर शून्य करा. तीनशे-चारशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा, परत तिथेच पहिल्या कटपर्यंत फुल. किलोमीटर भागिले लिटर. असं किमान तीन वेळा करा, कारण एका टाकीत ट्रॅफिक आणि एसीमुळेच अर्धा-पाऊण किलोमीटरचा फरक पडतो. एका टाकीवरून "बाटलीने मायलेज वाढलं" म्हणणारे बहुतेक लोक त्या आठवड्यात हायवेला जाऊन आलेले असतात.

मग स्कॅनर लावा. दोन गोष्टी बघायच्या. एक, काही कोड साठलाय का, उदाहरणार्थ पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी०३०० किंवा पी०३०१ म्हणजे गाडी मिस मारतीये (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये). दोन, फ्युएल ट्रिम. हा आकडा सांगतो की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवून किंवा कमी करून गाडी सांभाळतोय. दहाच्या आत अधिक-उणे असेल तर साधारण ठीक. आता गंमत अशी की न्यूट्रलला हा आकडा खूप जास्त असेल आणि अडीच हजार आरपीएमला ठेवल्यावर खाली येत असेल तर बहुतेक कुठेतरी हवा ओढली जातीये, पाईप किंवा गास्केट बघा. माझ्या गाडीचा न्यूट्रलला अधिक १८ होता आणि रेस केल्यावर ६, हा आकडा मी आधी बघितला असता तर तीन बाटल्या वाचल्या असत्या. उलट न्यूट्रलला ठीक आणि लोड आल्यावर, म्हणजे कात्रजचा घाट चढताना वगैरे, आकडा वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पोचतंय, मग गाडीतला फ्युएल पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. इथे क्लीनरचा विचार करायला अर्थ आहे.

५. स्वस्त कारणं आधी काढून टाका

एअर फिल्टर काढून उन्हात धरा, पुण्यात जिथे मेट्रोची आणि पुलांची कामं चालू असतात त्या रस्त्यांवर रोज जाणं असेल तर तो दहा हजार किलोमीटरमध्येच भरतो. प्लग बघा, साधे निकेलचे असतील तर तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायचेच. इग्निशन कॉईल. टायरमधली हवा, हे तर मायलेज पडण्याचं एक कॉमन कारण. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) काळी झाली असेल तर न्यूट्रलची थरथर तिथूनही येते आणि टाकीतलं क्लीनर तिथे पोचत नाही कारण तिथून फक्त हवा जाते, ती स्प्रे आणि फडक्याने साफ करावी लागते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नका, आणि कार्ब्युरेटरचा स्प्रे एअर फ्लो सेन्सरवर अजिबात मारू नका, सेन्सर कायमचा जाऊ शकतो. स्पेअर नाना पेठेत स्वस्त मिळतात, फक्त पार्ट नंबर लिहून न्या आणि ओरिजिनल मागा.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल खूप जण विचारतात म्हणून इथेच सांगतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, पेट्रोलमध्ये ते २० टक्के असलं की साधारण सहा-सात टक्के ऊर्जा तशीच कमी झाली. ही तूट कुठल्याही बाटलीने भरून निघत नाही, कारण ती घाण नाहीये, ते इंधनच तसं आहे. जुन्या गाडीतले रबरी पाईप आणि सील इथेनॉलला टिकणारे नसतील तर ते बदलणं हाच उपाय. आणि हो, इथेनॉल स्वतःच टाकीतली जुनी घाण सोडवतं, त्यामुळे फार जुन्या गाडीत सुरुवातीला फ्युएल फिल्टर भरण्याची शक्यता असते, तो बदलून बघा.

पेट्रोल पंपाचीच शंका असेल तर फिल्टर पेपर टेस्ट मागा, तुमचा हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून एक थेंब पेपरवर टाकायचा, दोनेक मिनिटांत उडून गेल्यावर डाग राहायला नको. मापाची शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप पंपावर असतंच, त्यात भरून दाखवायला सांगा. शांतपणे मागितलं की देतात.

६. बाटली निवडणं

इतकं सगळं करून गाडीला अजूनही सकाळी स्टार्टिंगला त्रास, पिकअप देताना क्षणभर अडखळणं, असं उरलं असेल आणि गाडी एमपीएफआय असेल तर बाटली घ्या. बघायचं एकच, आत पीईए म्हणजे पॉलीइथरअमीन आहे का. हे केमिकल जास्त तापमानालाही टिकतं म्हणून कंबशन चेंबरपर्यंत काम करतं. पीआयबीए म्हणजे पॉलीआयसोब्युटिलीन अमीन हा दुसरा प्रकार, तो इनटेक व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरला बरा, पण जास्त उष्णतेच्या जागी कमी पडतो. बऱ्याच स्वस्त बाटल्यांत नुसतं रॉकेलसारखं सॉल्व्हंट जास्त आणि डिटर्जंट नावाला असतो. लेबलवर लिहिलेलं नसेल तर कंपनीच्या साइटवर सेफ्टी डेटा शीट शोधा, त्यात घटक दिलेले असतात. तिथेही काही कळत नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

ऑक्टेन बूस्टर म्हणजे क्लीनर नाही, तो वेगळा प्रकार. त्यातल्या काहींमध्ये मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात आणि ती प्लगवर लालसर थर धरतात. एक्सपी९५, पॉवर, स्पीड असलं प्रीमियम पेट्रोल नियमित भरणाऱ्यांना डिटर्जंट त्यातूनच मिळत असतो, त्यांनी वर आणखी दर महिन्याला बाटली ओतायची गरज नाही.

७. टाकायची पद्धत

हे शांतपणे वाचा, इथे चुका फार होतात.

अ) ऑइल चेंजच्या आधीच्या टाकीला वापरा. सुटलेली घाण आणि क्लीनरचा थोडा भाग पिस्टन रिंगच्या बाजूने इंजिन ऑइलमध्ये उतरतो, मग ऑइल लगेच बदललं की ते सगळं बाहेर. आत्ताच सिंथेटिक ऑइल टाकलं असेल तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

आ) बाटली किती लिटरसाठी आहे ते वाचा. बऱ्याच बाटल्या साठ लिटरच्या हिशोबाने असतात आणि आपल्या हॅचबॅकची टाकी ३५ ते ३७ लिटरची. पूर्ण बाटली ओतली तर प्रमाण दीडपटीहून जास्त होतं. मापाने घ्या, उरलेलं झाकण घट्ट लावून ठेवा. जास्त टाकलं म्हणून जास्त साफ होत नाही.

इ) टाकी जवळपास रिकामी असताना पंपावरच आधी क्लीनर, मग पेट्रोल फुल, म्हणजे आपोआप मिसळतं. पंपावर मोबाईल आणि सिगारेट लांब, आणि रंगावर सांडलं तर लगेच पुसा.

ई) ती टाकी शहरात सिग्नलला उभं राहून संपवू नका. सातारा रोडला किंवा एक्सप्रेसवेला एक लांब फेरी मारा, इंजिन पूर्ण तापून एका लयीत चाललं की काम नीट होतं.

सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांची गाडी आठवड्यात वीस किलोमीटर चालायची, पहिल्यातून दुसऱ्यात घेताना अडखळायची. सगळं तपासून झाल्यावर पीईएवाली एक मापाने टाकली आणि त्यांना घेऊन वाईला जाऊन आलो. येताना खंबाटकी उतरल्यावर ते स्वतःच म्हणाले, "आता ओढतीये बरं का." अडखळणं गेलं ते गेलंच. मायलेज मात्र होतं तेवढंच राहिलं, वहीत तिन्ही टाक्यांचे आकडे आहेत.

८. एका टाकीने फरक नाही पडला तर

दुसरी बाटली घेऊ नका. इंजेक्टर बाहेर काढून अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करून घ्या. मेहुण्याच्या सीएनजी गाडीचं हेच केलं, गॅसवर मस्त आणि पेट्रोलवर सकाळी चार-चार वेळा सेल्फ मारायला लागायचा. बाटलीने किंचित फरक पडला होता, पुरेसा नाही. भोसरीच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावले, खाली काचेच्या चार उभ्या नळ्या. मशीन चालू केलं तर तीन इंजेक्टरमधून धुक्यासारखा फवारा, आणि चौथ्यातून एका बाजूला वाकडी धार. अर्ध्या मिनिटात तीन नळ्या सारख्या भरल्या, चौथी निम्म्याच्या जरा वर. मग अल्ट्रासॉनिक टबमध्ये टाकून परत लावले, चौथ्याची पातळी बाकीच्यांच्या बरोबरीला आली आणि धारेचा फवारा झाला. चौघांचे मिळून १,६०० रुपये, ओ-रिंग नवीन घालून. आधीचं आणि नंतरचं दोन्ही समोर उभं राहून बघा, न दाखवणाऱ्याकडे देऊ नका.

९. इथे फसू नका

- वीस हजार किलोमीटरच्या आतल्या, काहीही तक्रार नसलेल्या गाडीत क्लीनर. गरजच नाही.
- "डीकार्ब पॅकेज" फोनवर. कुठला आकडा बघून ठरवलं ते विचारा. कोड आणि ट्रिम सांगता येत नसेल तर नको म्हणा, नको म्हटल्याने वॉरंटीला काही होत नाही.
- डांबराच्या गोळ्या पेट्रोलमध्ये टाकायचा जुना उपाय. आज मिळणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा क्लोरीन असलेलं केमिकल असतं, जळल्यावर त्याचं आम्ल होतं.
- टाकीत पाणी गेलंय आणि वर बाटली. ई२० मध्ये पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, ते परत एकजीव होत नाही, टाकी रिकामीच करावी लागते.
- गाडी मिस मारत असताना "एक बाटली संपवून बघू" म्हणून महिनाभर चालवणं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर वितळू शकतो, आणि तो खर्च हजारांत सुरू होत नाही, दहा हजारांत होतो.

१०. डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

पेट्रोलची बाटली डिझेलमध्ये नाही, डिझेलची पेट्रोलमध्ये नाही. डिझेलचा पहिला शत्रू पाणी, म्हणून फिल्टर वेळेवर बदला आणि पावसाळ्यात वॉटर सेपरेटर ड्रेन करून घ्या. बीएस६ गाडीत डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) दिवा लागला तर आधी मॅन्युअलमध्ये सांगितलंय तशी हायवेला सलग चालवा, शहरातल्या शहरात फिरून त्या जाळीतली काजळी जळत नाही. आणि ज्या गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) म्हणजे अ‍ॅडब्लू लागतं त्याचं झाकण निळं आणि वेगळं असतं, ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर इग्निशन ऑनसुद्धा करू नका, गाडी टो करून न्या.

माझ्या गाडीचे आता १ लाख ८ हजार झालेत. वीस-बावीस हजारांत एकदा, ऑइल चेंजच्या आधी, ट्रिम बघून वाटलं तरच बाटली टाकतो, मागच्या वेळी ट्रिम अधिक ३ होता म्हणून नाही टाकली. तुमच्या गाडीचं मॉडेल, किलोमीटर, न्यूट्रलचा आणि अडीच हजार आरपीएमचा ट्रिम असे चार आकडे लिहून ठेवा, कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडे गेलात तर तो पहिले हेच विचारेल.